दिवसाची लाइट

शनिवार पेठ, पुणे
भाऊबीज, १५ नोव्हेंबर २०२३

चि. शंभू,

आशीर्वाद तू मागितलेले नाहीस, तरी पाठवते आहे. नको असतील तर परत कर, टपालखर्च तुझा. तू घरचा ग्रुप सोडलास, मग माझा नंबरही बंद केलास. पोस्टमनला बंद करायचं बटण मात्र बंगळुरातल्या तुम्हा हुशार लोकांना अजून सापडलेलं दिसत नाही.

भाऊ जवळ नसेल तर बहिणीने चंद्राला ओवाळावं असं शास्त्र आहे. मला तेही जमलं नाही, कारण चंद्र गच्चीवर आणि माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये. शाळेच्या जिन्यावरून पडले. हसू नकोस. नववीचा वर्ग हसून झालाय.

आता मुद्दा. रागावणार असशील तर आधी बसून घे. तुझी लेक रोज सकाळी आबांशी बोलते.

ऋतुजा नोकरीला खराडीत आली तेव्हा मी तिला एकदा लोणीला घेऊन गेले होते. आजोबा आणि नात, दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखी बघत बसली. मग तिने त्यांच्या फोनवर आवाज पाठवायचं शिकवलं. आबांनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. "म्हंजी म्हशीच्या सडागत. धरायचं, आन झालं की सोडायचं." त्या दिवसापासून रोज सकाळी लोणी काळभोरहून खराडीला रतीब सुरू आहे. "पोरी, उठलीस का. दिवसाची लाइट हाय, मोटार चालू करून आलो. उसाला पानी चाललंय. उपाशी जाऊ नगंस." ती ऑफिसच्या बसमधून उत्तर देते. सुरुवातीला नुसतं 'हाय' म्हणायची, तर आबांना वाटलं, बंगळुरात वाढलेली पोर अस्सल लोणीचं बोलते. ते गावभर सांगत सुटले.

तुला दुखेल म्हणून तिने हे लपवलं. मीही लपवलं असतं. पण मला भीती वाटते आहे, आणि एकटीने भिण्याचं माझं वय राहिलं नाही.

शेतीची लाइट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, हे तू विसरला नसशील. रात्रपाळीला आबांच्या मागे बॅटरी धरून आपण दोघं जायचो आणि तू प्रत्येक दोरीला साप म्हणायचास. तर गेल्या गुरुवारी आबांचा आवाज आला, "दिवसाची लाइट हाय, आत्ताच मोटार टाकून आलो." ऋतुजाने मला ऐकवला, कौतुकाने. मी हसले आणि हसता हसता थांबले. गावाच्या ग्रुपवर लाइटचं वेळापत्रक येतं. दसऱ्यानंतर ते बदललंय. तो आठवडा रात्रीचा होता.

म्हातारा माणूस चुकतो, म्हणशील. आबा माझा वाढदिवस चुकतील, तुझं नाव घेताना महिपतीकाकांचं घेतील, पण लाइटची पाळी? ज्या माणसाने माझं लग्न दिवसपाळीच्या आठवड्यात धरायला भटजींना भाग पाडलं, तो?

महिनाभर ते व्हिडिओवर येत नाहीत. "क्यामेरा बिघडलाय." मी फोन केला तर वाजत राहतो, आणि थोड्या वेळाने आवाजाचा मेसेज येतो, "बरा हाय, रानात हाय." दिवाळीला चल म्हटलं, उत्तर नाही. शेजारच्या चंपाला विचारलं. ती म्हणाली, "आबा बरं हायती, अक्का," आणि फोन ठेवला. चंपाने. जी बाई चुकीचा नंबर लागला तरी अर्धा तास बोलते.

तू एकदा आबांना फोन कर. माझ्यावर राग ठेव, तो टिकाऊ आहे, नासणार नाही. पण फोन कर.

नम्रताला फराळ पोचला का? तुझ्या बायकोने डब्यावर माझं नाव बघून तो तुझ्यापासून लपवून ठेवला असेल तर तिची काही चूक नाही.

तुझी,
शकू


शनिवार पेठ, पुणे
२४ नोव्हेंबर

चि. शंभू,

उत्तर नाही. ठीक. मौन म्हणजे संमती, असं धरून पुढे लिहिते.

ऋतुजाला मी लाइटचं सांगायला नको होतं. तिने तुमच्या त्या कंपनीतल्या पद्धतीने आबांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. परवा तिने विचारलं, "आबा, मी आज कुठल्या रंगाचा ड्रेस घातलाय, ओळखा." आबा अशा वेळी हमखास 'भगवा' म्हणतात, कारण त्यांना दुसरा रंग रंग वाटत नाही. उत्तर आलं, "बरं बरं. काळजी घे. थंडी वाढलीया." काल तिने सांगितलं की मला ताप आहे. उत्तर आलं, "झ्याक. आसंच पाहिजे."

ते ऐकल्यावर ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि बराच वेळ फोन हातात धरून राहिली.

रविवारी ती लोणीला जाऊन आली. मला कळवून गेली असती तर मी तिला एकटी सोडली नसती, हे तिला ठाऊक होतं, म्हणून न कळवता गेली. या बाबतीत ती तुझीच. दाराला कुलूप. चंपा म्हशीपाशी होती. म्हणाली, आबा तुळजापूरला गेलेत, देवीला. ऋतुजाने तिथेच उभं राहून सकाळचा मेसेज पुन्हा ऐकला. आबा त्यात म्हणत होते, "हितं अंगनात उन्हाला बसलोय, झकास वाटतंय." अंगणात उन्हाला फक्त चंपाची कोंबडी बसली होती. पोरगी म्हणाली, "आत्या, मी तो मेसेज प्ले केला ना, तेव्हा चंपाकाकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतायत. पण नव्हत्या हसत."

मग तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मला डाळ शिजली का तेही कळत नाही. तिच्या ऑफिसात म्हणे सगळ्यांना शिकवलंय की कुणाचाही आवाज आता यंत्रातून तयार करता येतो. माणसाचं थोडंसं बोलणं मिळालं की पुरे. मग त्या आवाजात काहीही वदवून घ्या. "आत्या, मी आबांचे किती व्हॉइस मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकलेत माहितीये? सगळे म्हणायचे, किती क्यूट." मी तिला म्हटलं, आपल्याकडे याला परकायाप्रवेश म्हणतात, आणि त्यात निदान मूळ देह जपून ठेवण्याची पद्धत असते. ती हसली नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते.

तुला तर्कशास्त्र आवडायचं म्हणून सांगते. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान करायचं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. ऋतुजाच्या पिढीचा धूर म्हणजे 'लास्ट सीन'. आबा सकाळी फोनवर दिसले, निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे आबा आहेत. किती सोपं. पण धुक्यालाही कुणी धूर समजतं. त्याला हेत्वाभास म्हणतात आणि तो परीक्षेत दोन गुणांना असतो. दोन गुणांच्या प्रश्नाने माझी झोप जाईल असं वाटलं नव्हतं.

पोलिसात जायचा विचार केला. काय सांगणार? साहेब, माझे वडील रोज सकाळी न चुकता खुशाली कळवतात, कृपया तपास व्हावा?

फोन कर, शंभू. तू बोललास तर आवाज खरा की खोटा, तुला कळेल. ज्याच्या शिव्या खाऊन वाढलो त्याचा आवाज कुठल्या यंत्राला साधेल असं मला वाटत नाही.

शकू


शनिवार पेठ, पुणे
३ डिसेंबर

चि. शंभू,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे काय, तारच. "फोन केला. उचलला. मी आबा आबा म्हटलं. बोलले नाहीत, नुसता रागाने घरघरणारा श्वास. मीही ठेवला. पुन्हा सांगू नकोस." एवढ्या मजकुराला तू पाकीट वापरलंस.

ते वाचून मला धीर आला. फोन कुणीतरी उचलला. मग वाटलं, कुणीतरी म्हणजे कोण? तू म्हणतोस, पलीकडे श्वास ऐकू येत होता. जड, घरघरणारा. तुला तो रागाचा वाटला. मी कालपासून तोच विचार करते आहे, आणि मला तो कसला वाटतो ते इथे लिहिणार नाही.

आबा हट्टी आहेत, कबूल. पण बोलायचं नसेल तर ते फोन उचलून गप्प बसणाऱ्यातले नाहीत. ते फोन उचलून, "तुझ्याशी बोलायचं न्हाई," असं पाच मिनिटं बोलणाऱ्यातले आहेत.

तुझा मूळ राग मला माहीत आहे. आई गेली त्या मे महिन्यात कोरोनामुळे सगळं बंद होतं, तुला येता आलं नाही. मी स्मशानात फोन धरून उभी होते आणि आबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि जमिनीवर पालथा ठेवला. शेवटपर्यंत तुला नुसता काळोख दिसला. तुला वाटलं, तुला हाकलला. तू त्याच दिवशी ग्रुप सोडलास आणि मग आम्हा सगळ्यांना एकेक करून बंद केलंस, म्हणून आबा तेव्हा काय म्हणाले ते तुझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. ते म्हणाले, "पोराला जळती आई फोनमधी दावायची व्हय?" बरोबर की चूक, मला सांगता येत नाही. मी फक्त बोललेलं जसंच्या तसं उतरवून घेतलंय. पाठांतर हा माझा धंदाच.

इथलं सांगते. मेसेज येतात. रोज. मी आणि ऋतुजाने महिनाभराचे सलग ऐकले. एकेकटे ऐकताना कळत नाही. सलग लावले तर मागे एक घूं असा आवाज आहे, मोटारीचा, सगळ्यांमध्ये. "अंगनात बसलोय" म्हणतात त्यात मोटार. "देवळात चाललोय" म्हणतात त्यातही मोटार. आणि तीन वेगवेगळ्या सकाळी, तीन वेगवेगळ्या मेसेजांत, एकाच तऱ्हेने रेडकू ओरडतं आणि कुणीतरी त्याला 'हो' म्हणतं. ऋतुजा म्हणाली, "आत्या, हे सगळं एकाच बैठकीत रेकॉर्ड केलंय. म्हणजे आवाज खरा आहे. म्हणजे आबा कधीतरी होते." तिला 'तेव्हा तिथे होते' असं म्हणायचं होतं. तिचं मराठी कच्चं आहे. पण वाक्य निघून गेलं आणि आम्ही दोघी ते परत घेऊ शकलो नाही.

ती हल्ली माझ्याकडेच झोपते. सकाळी फोन टिंग करतो तेव्हा आधी आनंदाने उडी मारायची, आता दचकते. काल मेसेज उघडायला माझ्याकडे दिला.

प्लास्टर मंगळवारी निघतं. निघालं की मी लोणीला जाते. कुलूप असेल तर दारात बसेन. तू म्हणतोस पुन्हा सांगू नकोस, म्हणून सांगत नाही. कळवते आहे.

शकू


लोणी काळभोर
९ डिसेंबर

शंभू,

हे पत्र पोस्टात टाकण्याइतका वेळ नाही. ऋतुजा त्याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिचा नंबर तू बंद केलेला नाहीस, हा तुझा एकमेव शहाणपणा.

आबा आहेत.

आधी एवढं वाच आणि पाणी पी. आता पुढचं.

आम्ही दोघी टॅक्सीने आलो. दाराला कुलूप होतंच. चंपा पुढे आली आणि दारासमोर हात पसरून उभी राहिली. "अक्का, मला शपथ घातलीया." मी म्हटलं, "मला नाही घातली. सरक." ती सरकली आणि रडायला लागली, आणि मग तिनेच परसदाराची कडी काढली.

आबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. भर दुपारी गळ्याला मफलर. मला बघून उठले, तोंड उघडलं, आणि आतून नुसता वारा आला. सायकलच्या ट्यूबमधून निघतो तसा. मी त्यांची मुलगी, पन्नाशी उलटलेली, आणि मी दोन पावलं मागे सरकले. ऋतुजा पुढे गेली.

घशात गाठ आहे. आवाजाच्या पेटीवर. तंबाखूने म्हण, कशानेही म्हण. गणपतीच्या आधी आवाज बसला तेव्हा ते चंपाला घेऊन हडपसरच्या डॉक्टरांकडे गेले, मुलगी म्हणून तिचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आवाज हळूहळू जाईल, आणि वाचायचं असेल तर ती पेटीच काढून टाकावी लागेल. आबा घरी आले आणि त्यांनी काय केलं, सांगू? जे शेतकरी दुष्काळाच्या आधी करतो ते. कडबा रचून ठेवला. रोज मोटारीच्या खोलीत जायचे, दार लावायचे आणि उरलेल्या आवाजात मेसेज भरून ठेवायचे. स्वतःच स्वतःला पाठवून ठेवायचे. थंडीचे, उन्हाचे, ऊस तुटल्याचे. "बरं बरं" आणि "झ्याक" असे अडीअडचणीला लागणारे. लाइटची पाळीसुद्धा बोटांवर मोजून पुढच्या काही महिन्यांपर्यंत लावून ठेवली होती. दसऱ्याला वेळापत्रक बदललं तिथे सगळं कोसळलं. हे मला त्यांनी कुजबुजून सांगितलं. कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागतो. शंभू, गाठीपेक्षा त्या वेळापत्रकावर ते जास्त चिडलेत.

तुळजापूर म्हणजे दवाखाना. गाठीचा तुकडा काढायला गेले होते.

आणि तुझा फोन. मी विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग मला जवळ बोलावलं. "दोनदा तोंड उघाडलं. त्याला ऐकूच ग्येलं न्हाई. त्यो आबा आबा म्हनत व्हता. मंग त्यानं ठिवला." त्यांच्याकडे भरून ठेवलेलं होतं ते सगळं पोरीसाठी. तुझ्या फोनवर वाजवता येईल असं काहीच नव्हतं.

आता मुख्य. ऑपरेशन गुरुवारी ठरलंय आणि आबा ते करून घ्यायला तयार नव्हते. डॉक्टर म्हणतात, नाही केलं तर गाठ श्वासाची वाट बंद करेल, आणि ते फार दूर नाही. आबांचं म्हणणं, मुका होऊन जगून काय करू, आवाज साठवलाय तोवर पोरीला कळणार न्हाई, पुढचं पुढं. मी शास्त्र सांगितलं, रागावले, रडले. काही उपयोग झाला नाही. तीस वर्षांच्या अध्यापनाची किंमत मला त्या खाटेपाशी कळली.

मग ऋतुजा बोलली. "आबा, म्हणजे तुम्ही मला रेकॉर्डिंगवर ठेवणार होता? मी काय कस्टमर आहे का? तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, प्लीज होल्ड करा?" त्यांना यातलं निम्मं कळलं नसणार. "मी ताप आलाय म्हटलं तर तुम्ही झ्याक म्हणालात. मला वाटलं तुम्ही गेलात. मला वाटलं कोणीतरी तुम्हाला मारून तुमचा आवाज वापरतंय. मी रोज सकाळी तुम्हाला घाबरत होते, आबा." एवढं बोलून ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग आबांनी चंपाला खूण केली आणि दवाखान्याचे कागद मागितले, सहीसाठी.

सही केली. भीती वाटते का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, हो अशी. आबांना भीती वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि माझी होती तेवढीही हिंमत गेली.

उरलीय ती कुजबुज. तीही गुरुवारपर्यंत. ती फोनला पकडता येत नाही, ऋतुजाने नाना प्रकारे करून बघितलं. तुझ्यासाठी काही भरून ठेवायचं का, असंही तिने विचारलं. आबा म्हणाले, "त्याला भरल्यालं न्हाई द्यायचं. त्यो आला तर बोलीन. न्हाई आला तर न्हाई."

गुरुवारी सकाळी नेणार. पत्ता ऋतुजा पाठवेल.

शकू


रुग्णालय, हडपसर
गुरुवार, १४ डिसेंबर

शंभू,

तू आत्ता विमानात असशील, फोन बंद करून. तुझा 'येतोय' काल झोपायच्या वेळी आला. तुला ठरवायला चार दिवस लागले, म्हणजे तुझ्या मानाने घाईच. आबांना सकाळी सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आत नेईपर्यंत मधूनमधून बघत होते. तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तू विचारशील आणि तेव्हा मला तोंडाने सांगवणार नाही, म्हणून लिहिते. हे पत्र हातोहात द्यायचं आहे, तोवर लिहीत बसते.

त्यांना आत नेऊन बराच वेळ झाला. इथे बाकं लोखंडी आहेत आणि समोर टीव्ही आहे, आवाज बंद केलेला. माणसं बोलताना दिसतात.

ऋतुजा बाजूला बसली आहे. आधी मी तिला धीर देत होते, मग ती मला, आता आम्ही दोघींनी तो प्रयोग सोडून दिलाय.

इथे कागदावर शाईचा ओघळ आहे तो का, ते सांगते. तिचा फोन टिंग झाला. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी पेन टाकून तिचा दंड धरला. आबांचा मेसेज. आत्ताचा. आबा आत टेबलावर, गळा उघडलेला, आणि त्यांच्या नावावर आवाज आलेला. ती ऐकेना. मी दाबलं. "पोरी, मी बरा हाय. हितं लई चांगलं हाय. तू काळजी करू नगंस." मागे मोटार.

शंभू, मी संस्कृत शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण 'हितं' म्हणजे कुठे, हे विचारायचं धैर्य मला होईना. ऋतुजा उठून आतल्या दाराकडे धावली आणि काचेवर हात मारायला लागली. रखवालदार आला. मी तिच्यामागे, माझा नवा पाय ओढत. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ओरडताय काय? पेशंट ठीक आहे. अजून वेळ लागेल." तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, बसून घ्या आता, नाहीतर तुमच्यासाठी खाट लावावी लागेल." ती पुणेरी होती. फार बरं वाटलं.

मग ऋतुजाने चंपाला फोन लावला. फोन आबा तिच्याकडे ठेवून आलेत, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. चंपा घाबरून म्हणाली, "आबांनी सांगितल्यालं. मी नसलो की रोज सकाळी यक पाठवीत जा. त्येंनी खुना करून दावल्यात, कुठल्या पाठवायच्या. आज नव्हते, म्हनून पाठवली. चुकलं का, ताई?"

मी नसलो की. कडबा त्यांनी त्या हिशेबाने रचला होता, शंभू. स्वतःनंतरचा. पोरीला कधीच कळू नये, रतीब तुटू नये. त्या खुणांचे मेसेज अजून पुष्कळ आहेत म्हणे.

ऋतुजा चंपाला म्हणाली, "नाही काकू, चुकलं नाही. पण आता पाठवू नका." मग फोन ठेवून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आत्या, डिलीट पण नको करायला सांगूया." डिलीट करा म्हणण्याची माझीही छाती नव्हती.

(नंतर.) बाहेर आणलंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन जसं व्हायला हवं तसं झालं. पुढचं तपासणीचे अहवाल आल्यावर. म्हणजे भीती संपलेली नाही, तिला फक्त पुढची तारीख मिळाली आहे. गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा नजर तिथेच जाईल. जाऊ दे, मग वर आण. डोळे तेच आहेत.

मघाशी शुद्धीवर आले. ऋतुजाने पाटी धरली, पेन्सिल बोटांत दिली. मला वाटलं, पाणी मागतील. त्यांनी बऱ्याच वेळाने लिहिलं, 'शंभू'. ऋतुजाने सांगितलं, वाटेत आहे, येतोय. त्यांनी ती अक्षरं पुसू दिली नाहीत. पाटी छातीवर घेऊन झोपलेत.

तर तू आलास की खालून फोन करू नकोस. चौथ्या मजल्यावर ये, उजवीकडे तिसरी खोली. मी दारातच असेन, हे पत्र देईन आणि बाजूला होईन. आत जा आणि तूच बोलायला सुरुवात कर. काहीही बोल, विमानातल्या उपम्याबद्दल बोल. ते काही बोलणार नाहीत. यापुढे कधीच नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा यावेळी काही अर्थ लावू नकोस, आणि उठून निघून येऊ नकोस.

आणि मोठ्याने बोलू नकोस. त्यांना बोलता येत नाही म्हणून सकाळपासून जो तो त्यांच्या कानाशी ओरडतो आहे. ऐकू त्यांना उत्तम येतं.

शकू